मॅच बघायला आलोय, मग यात हे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट बसून लिहितो, कारण दर सीझनला हा प्रश्न नव्याने येतो आणि मी दर वेळी हाफ टाइमच्या गोंगाटात काहीतरी अर्धवट बोलून वेळ मारून नेतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुण्यात आम्ही इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे बरेच फॅन्स एकत्र जमून टीव्हीवर मॅच बघतो. त्या स्क्रीनिंगला किंवा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी "छक्के", "बायल्या", "गे आहे साला" असलं काही बोललं की आम्ही तिथल्या तिथं थांबवतो, आणि सांगूनही पुन्हा बोललं तर त्याला ग्रुपमधून काढतो. तर लोक विचारतात, मॅच बघायला आलोय, यात हे कशाला आणता? आणि मग आवाज थोडा खाली आणून दुसरा प्रश्न येतो, तुम्ही स्वतः तसे आहात का?

दुसऱ्याचं आधी सांगून टाकतो. त्याचं उत्तर मी देत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. "नाही" म्हटलं की समोरच्याचा चेहरा एकदम सैल पडतो, म्हणजे हा आपल्यातलाच आहे, याचं ऐकायला हरकत नाही. आणि "हो" म्हटलं तर म्हणणार, अच्छा, मग बरोबर आहे, याचा घरचाच विषय दिसतोय. दोन्हीकडे मी काय बोललो ते राहतं बाजूला आणि मी कोण यावरच निकाल लागतो. शिवाय आम्ही सगळे जण एकामागून एक "नाही, नाही, मी नाही" असं सांगत सुटलो तर ज्याला "नाही" म्हणता येत नाही आणि "हो" म्हणायची अजून हिंमत होत नाही तो एकटाच गप्प बसलेला दिसणार. त्याला असं उघडं पाडायचं नाही म्हणून मी पण गप्प.

आता पहिला प्रश्न. यात हे कशाला आणता? अहो, ते तिथं आधीपासूनच आहे. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमवर लहानपणापासून मॅच बघत आलोय. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी ही तालीम-मंडळांच्या फुटबॉल टीम्सची नावं आमच्याकडं घरातल्या माणसांसारखी घेतात आणि पेठेची टीम हरली की त्या रात्री कुणाला जेवण जात नाही. अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला तो याच गावचा, त्या वेळी अख्ख्या गावाची छाती फुगली होती. या सगळ्याचा मला अभिमान आहे आणि तो कमी होणार नाही. पण त्याच गॅलरीत जी भाषा चालते ती पण ऐकतच मोठा झालो. समोरचा विंगर टॅकलला कचरला, केस लांब ठेवले, गुलाबी बूट घातले, जरा जास्त वेळ पडून राहिला, की एकच शब्द. कुठल्या एका तालमीचं नाव घेत नाही कारण हे कुठल्या एकीचं नाहीच. आणि विचारलं तर म्हणणार, आरं तसं कोण म्हणतंय, ते आपलं असंच. ते खरंही आहे. ओरडणाऱ्यातल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात त्या क्षणी समलिंगी माणूस नावाची गोष्टच नसते, त्यांच्या डोक्यात फक्त तो विंगर असतो. पण गॅलरीत जो खरंच तसा आहे त्याच्या डोक्यात त्या वेळी दुसरं काहीच नसतं.

स्टेडियमचं एक वेळ सोडा, तिथं निदान तो विंगर समोर असतो. आम्ही पुण्यात बसून टीव्हीवर ओरडतो. मैदान हजारो किलोमीटर लांब, इंग्लंडमधल्या त्या खेळाडूला आमचा आवाज जन्मात ऐकू जाणार नाही. मग आम्ही जे ओरडतो ते ऐकतं कोण? शेजारचा. मागच्या टेबलवरचा. प्लेट घेऊन उभा असलेला वेटर. त्या खोलीच्या बाहेर ते जातच नाही. मला वाटतं आपल्याकडच्या फॅन्सच्या बाबतीत हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि कुणी त्याचा विचार करत नाही.

अजून एक गोष्ट. आपल्या मराठी घरातला बाप्या माणूस दुसऱ्या पुरुषाला मिठी कधी मारतो? लग्नात व्याह्याची गळाभेट आणि कुणी गेलं तर खांद्यावर हात, संपलं. सख्ख्या भावाला मिठी मारायला आपण लाजतो. पण फुटबॉलमध्ये? मे २०१९ ची ती चॅम्पियन्स लीगमधली बार्सिलोनाविरुद्धची सेमीफायनल आठवा, दोन मॅचपैकी पहिली ०-३ हरलेलो, आपले गोल मारणारे सलाह नाही, फिर्मिनो नाही, आणि दुसरीत आपल्या अॅनफिल्ड मैदानावर ४-०. ओरिगीने तो चौथा गोल मारला तेव्हा आपल्याकडं रात्रीचे दोन वाजून गेले होते, आणि आमच्या खोलीत दाढीमिशावाले लोक एकमेकांच्या गळ्यात पडून अक्षरशः रडत होते, टकलावर पाप्या घेत होते, ज्याचं नाव माहीत नाही त्याला उचलून नाचत होते. मला फुटबॉलचं सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हे. पुरुषाला पुरुषाच्या जवळ जायची, त्याच्यासमोर रडायची परवानगी देणारी अशी दुसरी जागा आपल्याकडं मला तरी माहीत नाही. आणि त्याच खोलीत, त्याच रात्री, बार्साचा कुणीतरी पडला की आरोळी, ए ऊठ बायल्या.

आमच्याकडं एक मुलगा यायचा. सांगलीकडचा, कॉलेजला होता तेव्हापासून यायचा, जर्सी नेहमी तीच, मागच्या रांगेत उभा राहायचा पण गाणी सगळी पाठ. २०१९ च्या डिसेंबरनंतर तो दिसेना. परीक्षा असेल, गावी गेला असेल, असं धरून चाललो. मग लॉकडाऊन लागला आणि सगळेच घरी बसले. २५ जून २०२० ला चेल्सीने मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं, सिटी आता आम्हाला गाठू शकत नव्हती, आणि आम्ही घरी बसल्या बसल्या इंग्लिश लीगचे चॅम्पियन झालो, तीस वर्षांनी. आपल्याकडं पहाटेचे अडीच-पावणेतीन झाले असतील, ग्रुपवर नुसता धुरळा, फोनवर फोन, आणि त्यात कुणीतरी चेल्सीला उद्देशून टाकलं, "थँक्यू रेंट बॉइज", आणि त्यावर हसणाऱ्या इमोजींची रांग.

हे रेंट बॉय काय ते थोडक्यात सांगतो. पैसे घेऊन पुरुषांबरोबर झोपणारा पोरगा, असा त्याचा अर्थ. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकापासून चेल्सीच्या खेळाडूंना आणि फॅन्सना उद्देशून हे ओरडतात. चेल्सीचं स्टेडियम लंडनच्या ज्या भागात आहे तिथून अर्ल्स कोर्ट जवळ, आणि अर्ल्स कोर्ट हा त्या काळात समलिंगी लोकांचे बार वगैरे असलेला भाग म्हणून ओळखला जायचा, त्यावरून ही आरोळी आली असं बरेच जण सांगतात. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारी वकिलांच्या खात्याने स्पष्ट केलं की ही आरोळी समलिंगी लोकांविरुद्धची शिवीच आहे आणि त्यासाठी गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणजे "असंच" म्हणून सोडून द्यायची गोष्ट तिथं आता राहिली नाही. पण २०२० साली आमच्यातल्या बऱ्याच जणांना याचा अर्थही माहीत नव्हता, यूट्यूबवर ऐकलेलं, लिव्हरपूलचे लोक म्हणतात म्हणून आपणही म्हणायचं.

तर त्या पहाटे त्या मुलाचा मला फोन आला. आधी दोघंही नुसते ओरडलो, आमचा कॅप्टन हेंडरसन आता कप उचलणार वगैरे. मग तो म्हणाला, दादा, ग्रुप सोडतोय, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आधी सांगतोय. मी म्हटलं आज? आजच्या दिवशी कोण ग्रुप सोडतं? तेव्हा त्याने सांगितलं. त्याच्या परवानगीनेच इथं लिहितोय. म्हणाला, "दादा, मला कुणी कधी काही बोललं नाही, खोटं कशाला सांगू. पण गोल झाला की सगळे मिठ्या मारतात ना, तेव्हा वाटायचं मी इथलाच आहे. आणि मग पाच मिनिटांनी कुणाच्या तरी तोंडून तो शब्द आला की मी मघाशी कुणाला किती वेळ मिठी मारली ते आठवत बसायचो. जास्त वेळ तर मारली नाही ना, कुणाला काही वाटलं तर नसेल ना. मॅच राहायची बाजूला."

यावर मी काय बोललो ते महत्त्वाचं नाही, फार काही बोललोच नाही. पण हा माणूस तीस वर्षांतल्या सगळ्यात आनंदाच्या रात्री आपल्यातून उठून चाललाय आणि त्याला घालवतोय तो आपल्याच ग्रुपवरचा आपला जोक, हे एकदा दिसल्यावर परत न दिसल्यासारखं करता येत नाही.

ग्रुपवर मी लांबलचक मेसेज टाकला, त्याचं नाव अर्थातच न घेता. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ कलमाचा निकाल दिला, आता दोन सज्ञान माणसांचं खासगी नातं गुन्हा नाही, वगैरे सगळं लिहिलं. त्याने काहीही झालं नाही. कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले, एकाने "एवढं सिरियस नको यार" लिहिलं, दोन-तीन जण निघून गेले, आणि पुढच्या मॅचला तेच शब्द. मेसेजने लोक बदलत नाहीत. लोकांना ज्याचं ऐकायची सवय आहे तो माणूस बदलला की बदलतात.

आमच्याकडं तो माणूस म्हणजे तात्या. वयाने फार नाही पण सगळे तात्याच म्हणतात. हाही कोल्हापूरचा, पेठेतला, आवाज असा की माईक नको. स्क्रीनिंगला तो पुढच्या टेबलवर बसतो आणि दोन्ही तळव्यांनी टेबलवर ठेका धरतो, आणि तो ठेका सुरू झाला की अख्खी खोली गाते. गॅलरीत वाढलेल्या माणसाला हे माहीत असतं, आरोळीला ठेका लागतो. नुसतं कुणी ओरडलं तर ते दोन-तीन जणांत विरून जातं, ठेका मिळाला की शंभर जण ओढले जातात. आमच्याकडची चांगली गाणी तात्यामुळे आणि नको त्या आरोळ्याही तात्यामुळेच.

त्याच्याशी बोललो ते समोरासमोर, चहाच्या टपरीवर, लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर. त्याने ऐकून घेतलं आणि तडकला. म्हणाला, "आरं पण मी त्या पोराला कुठं म्हटलो? मी त्या लांबच्या प्लेयरला म्हटलो."

मी म्हटलं, "तात्या, त्या प्लेयरला ऐकू गेलं का?"

"त्याला कसं जाईल?"

"मग ऐकलं कुणी?"

बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मागं उभा राहायचा तोच न्हवं? काळ्या बॅगवाला?" मी काही उत्तर दिलं नाही. तो म्हणाला, "नको सांगू. नावाचं काय करायचंय मला. पण कुणी का असंना, गाणी पाठ असलेला गडी हाय म्हणतोयस, आणि गेला?" त्याला राग आला तो याचा. अधिकार, समानता हे शब्द तात्याला लांबचे वाटतात, पण आपला माणूस आपल्यामुळे गेला हे त्याला बरोबर लागलं. तालमीत वाढलेल्या माणसाला आपला माणूस म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

तो लगेच सुधारला वगैरे अजिबात समजू नका. मला म्हणाला, मला ते समदं पटत न्हाई, दोन पुरुषांचं वगैरे, पण आपल्या खोलीत त्यो शब्द नको एवढं कळलं. मी तेवढ्यावर थांबलो. बरेच मित्र म्हणाले, मनातून बदलला नाही तर काय उपयोग. मला नाही पटत. आधी तोंड बदललं तर मनाला बदलायला जागा मिळते, आणि नाहीच बदललं मन तरी त्या मुलाच्या कानावर ते पडत नाही, हा उपयोग लहान आहे का?

मग आला ऑगस्ट २०२१. सीझनची पहिली मॅच, १४ तारखेला, नॉर्विचविरुद्ध, त्यांच्या कॅरो रोड मैदानावर. आम्ही ३-० जिंकलो. नॉर्विचकडून बिली गिल्मर खेळत होता, वीस वर्षांचा पोरगा, चेल्सीकडून लोनवर आलेला. लिव्हरपूलच्या आलेल्या फॅन्सपैकी काहींनी त्याला उद्देशून तीच 'रेंट बॉय'ची आरोळी दिली. लिव्हरपूलच्या समलिंगी, ट्रान्स वगैरे फॅन्सचा एक ग्रुप आहे, कॉप आउट्स नावाचा, त्यांनी उघड नाराजी सांगितली, क्लबनेही निषेध केला. पण निषेधाचं पत्रक रोज कुठला ना कुठला क्लब काढतो. लक्षात राहिलं ते आमचा तेव्हाचा मॅनेजर क्लॉप याचं. तो कॉप आउट्सच्या संस्थापकाबरोबर, पॉल अॅमनबरोबर, बसून बोलला आणि क्लबने ते सगळ्यांसाठी टाकलं. क्लॉपचं म्हणणं फार साधं होतं, की कुणाच्या तरी विरोधात गाणं म्हणायचंच कशाला, आपल्याकडं एवढी चांगली गाणी आहेत, आणि हे थांबवणं सोपं आहे, फक्त ते गाणं परत म्हणायचं नाही. बोलताना कुठं आवाज चढवला नाही, आपल्याच लोकांशी बोलतोय असं बोलला.

आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ कुणी टाकला माहितीये? तात्याने. खाली लिहिलं, "क्लॉप सायबांनी सांगितलंय. इषय संपला." माझ्या लांबलचक मेसेजने जे झालं नाही ते या दोन वाक्यांनी झालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. फॅन हा असाच असतो, त्याला बाहेरचा शहाणपणा नको असतो, घरच्या माणसाने सांगितलं की तो ऐकतो. सगळे ऐकतात असं नाही, इंग्लंडमध्येही ही आरोळी त्यानंतर थांबली नाहीच, आमच्याकडंही अधूनमधून कुणी नवा येतो आणि सुरू करतो. पण आता तात्या टेबलवरचे हात उचलतो. बस. ठेका बंद पडला की तो एकटाच ओरडत राहतो, इकडंतिकडं बघतो, आणि गप्प होतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्यातली ताकद फार मोठी वाटते.

त्या कॅरो रोडचं अजून एक सांगायचंय, कारण हे ग्रुपमधल्या तरुण पोरांना माहीत नसतं. फेब्रुवारी १९८० मध्ये याच मैदानावर लिव्हरपूलविरुद्ध नॉर्विचच्या एका १८ वर्षांच्या पोराने बॉक्सच्या बाहेरून असा गोल मारला की बीबीसीने तो त्या सीझनचा सर्वोत्तम गोल ठरवला. मॅच आम्ही ५-३ जिंकली, पण लोकांना आठवतो तो हाच गोल. त्या पोराचं नाव जस्टिन फॅशानू. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला दहा लाख पौंडांना घेतलं, एवढी किंमत मिळालेला तो पहिला काळा ब्रिटिश खेळाडू. तिथला मॅनेजर ब्रायन क्लफ, त्याला कळलं की हा गे बारमध्ये जातो, आणि त्याने त्याला टीमबरोबर ट्रेनिंगच करू दिलं नाही. १९९० मध्ये फॅशानूने मी समलिंगी आहे असं जाहीर सांगितलं, इंग्लंडमधला असं सांगणारा पहिला व्यावसायिक फुटबॉलर. सख्ख्या भावाने पेपरमधून त्याच्याशी नातं तोडलं. मैदानावर काय काय ऐकून घेतलं असेल कल्पना करा, एक रंगावरून, एक यावरून. १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. वय ३७.

त्यानंतर ब्रिटनमध्ये व्यावसायिक पुरुष फुटबॉलरला खेळत असताना समोर यायची हिंमत झाली ती थेट मे २०२२ मध्ये, जेक डॅनियल्सला, ब्लॅकपूलचा १७ वर्षांचा फॉरवर्ड. मधली ३२ वर्षं काय कुणी समलिंगी खेळाडूच नव्हता? थॉमस हिट्झल्स्पर्गर, जर्मनीचा, अॅस्टन व्हिला, वेस्ट हॅम, एव्हर्टनकडून खेळलेला, त्याने सांगितलं ते २०१४ मध्ये, रिटायर झाल्यावर. ऑस्ट्रेलियात जोश काव्हालोने ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळत असताना सांगितलं, सगळ्या जगाने कौतुक केलं, आणि दोन-तीन महिन्यांत मेलबर्नमध्ये समोरच्या फॅन्सनी त्याला त्याच शिव्या घातल्या. उलट महिला फुटबॉलमध्ये बघा, चेल्सीच्या पर्निला हार्डर आणि मॅग्डालेना एरिक्सन एकाच टीममध्ये खेळायच्या आणि जोडपं म्हणून सगळ्यांना माहीत होत्या, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. खेळ तोच, बॉल तोच. फरक गॅलरीचा आहे.

कुणी म्हणतं हे क्लबवर सोडा, दंड लावा, आपण कशाला डोकं लावायचं. दंड लागतातही. २०२३ मध्ये चेल्सीविरुद्धच्या मॅचमधल्या याच आरोळीसाठी वुल्व्ह्जना १ लाख पौंड दंड झाला. मेक्सिकोचे फॅन्स समोरच्या गोलकीपरने बॉल मारला की असाच एक शब्द ओरडतात, फिफाने त्यांना किती वेळा दंड केला, मॅचेस रिकाम्या स्टेडियममध्ये खेळायला लावल्या, आणि तरी जून २०२३ मध्ये लास व्हेगासला अमेरिकेविरुद्धची सेमीफायनल रेफ्रीला वेळेआधी संपवावी लागली. दंड असू दे, मी त्याच्या विरोधात नाही. पण दंड भरतो क्लब, आणि ओरडणारा पुढच्या मॅचला त्याच खुर्चीवर. पुण्यातल्या एका खोलीत तर कुठला फिफा येणार आहे?

आणि खेळाडूंवर सगळा भार टाकू नका, हेही आम्ही शिकलो. आमचा तेव्हाचा कॅप्टन हेंडरसन, समलिंगी लोकांना पाठिंबा म्हणून बुटांना इंद्रधनुषी लेस बांधायचा, या फॅन्सच्या बाजूने स्पष्ट बोलायचा, आम्ही ग्रुपवर त्याचं उदाहरण द्यायचो. जुलै २०२३ मध्ये तो सौदीच्या अल-इत्तिफाकला गेला, जिथं समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. नव्या क्लबने त्याचा जो व्हिडिओ टाकला त्यात लिव्हरपूलकडून खेळतानाच्या त्याच्या दंडावरच्या इंद्रधनुषी पट्टीचे रंगच गायब, सगळं करडं. नंतर तो म्हणाला लोक दुखावले त्याचं मला वाईट वाटतं, आणि सहा महिन्यांत तिथून निघून नेदरलँड्सच्या आयाक्सला गेला. मी त्याला शिव्या घालणार नाही, त्याने आम्हाला तो कप दिलाय. पण त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर काही जण म्हणायला लागले, बघा, पैसे दिसल्यावर सगळं सोडलं, म्हणजे हे सगळं नाटकच. तेव्हा त्या सांगलीच्या मुलाने, हो, तो परत आला होता तोवर, ग्रुपवर पहिल्यांदाच यावर लिहिलं. "हेंडरसन गेला तरी मी मॅच तुमच्याबरोबर बघतो, हेंडरसनबरोबर नाही." बाकी काही सांगितलं नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. हल्ली तो नोकरीसाठी बंगळुरूला असतो, पुण्यात आला की येतो.

आता काही जण वाकडा प्रश्न विचारतात तो पण घेतो, की मग आईबहिणीवरच्या शिव्या चालतात का तुम्हाला? नाही चालत. पण त्या आमच्याकडं अजून पूर्ण थांबल्या नाहीत, हे खरं आहे. आमच्यातलीच एक मैत्रीण म्हणाली होती, "बायल्या म्हणजे बाईसारखा म्हणजे वाईट, मग मी इथं तिकीट काढून कशाला येते?" तिच्या या एका वाक्याने मला कळलं की या दोन्हीची मुळं एकच आहेत, बाईला कमी लेखणं हे आधी, त्याला हे सगळं लटकलेलं. ते काम बाकी आहे. एक थांबवलं आणि दुसरं नाही म्हणून पहिलंही सोडून द्या, हा युक्तिवाद मात्र मला मान्य नाही.

आणि "हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ" म्हणणाऱ्यांना सांगतो, मणिपूरमध्ये इंफाळला 'या ऑल' (Ya_All) नावाच्या संस्थेने ट्रान्सजेंडर खेळाडूंची फुटबॉल टीम उभी केलीये. मणिपूर म्हणजे फुटबॉलचं गाव, घराघरात बॉल, आणि तिथं ज्यांना ना मुलांच्या टीममध्ये घेतात ना मुलींच्या, त्यांनी आपली टीम काढली. त्यांना कुणी लंडनहून खेळायला शिकवलं नाही.

नाशिकच्या आणि नागपूरच्या काही जणांनी विचारलं की आम्हाला आमच्या ग्रुपवर हे करायचंय, सुरुवात कुठून करू. तुमच्याकडं टेबल कोण वाजवतं ते बघा, त्याच्याशी एकट्याशी बोला, चारचौघांत नाही, चारचौघांत कुणालाही मान खाली घालायला लावलं की तो उलटाच फिरतो. कुणी यायचं बंद झालं असेल तर स्वतःहून फोन करा, पण का येत नाहीस असं खोदून विचारू नका, पुढची मॅच कधी आहे तेवढं सांगा. नियम लिहून ठेवा, म्हणजे नव्या माणसाला आधीच कळतं आणि दर वेळी भांडण होत नाही. काही जण सोडून जातील. आमच्याकडचेही गेले, त्यातले काही चांगले मित्र होते आणि त्याचं वाईट वाटतं, पण त्यांना परत यायला दार उघडं आहे, तो शब्द बाहेर ठेवून.

तात्या मागच्या हंगामात कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जाऊन आला. मी विचारलं, तिथं काय केलंस? म्हणाला, तिथं पाच-दहा हजार लोक, माझ्या हाताने काय व्हतंय, पण माझ्या रांगेत मी न्हाई म्हटलो आणि आजूबाजूच्या पोरांना पण गप केलं, एक जण भांडायला उठला तर त्याला म्हटलो, मॅच संपल्यावर ये बाहेर, चहा पाजतो आणि सांगतो.

तो आला का, मी विचारलं.

"आला की. दोन कप प्याला. पटलं न्हाई त्याला. पुढच्या मॅचला परत बोलवलंय."